गच्चीवरचा पालक

५ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी आज चांगलंच फैलावर घेतलं. रक्त कमी, साखर वर सरकलेली, आणि जिना चढताना लागणारी धाप वेगळीच. "भाज्या खाता का?" म्हणाल्या. मी म्हटलं, "बटाटा खातो." त्यांनी पेन खाली ठेवलं. "बटाट्याला मी भाजीत धरत नाही. थंडी पडायला लागली, वर्षातल्या सगळ्यात चांगल्या भाज्या आत्ता बाजारात येतात, आणि तुम्ही बटाटा खाता?" मग मी खोलीत नसल्यासारख्या त्या सुनेकडे वळल्या. पालक, गाजर, बीट, मटार, कोबी, मुळा आणि मुळ्याचा पालासुद्धा. जे ताजं येईल ते, आणि रोज. "आणि काय खाल्लं ते यांनी स्वतःच्या हाताने लिहायचं. लिहायला लागलं की माणसाला लाज वाटते."

म्हणून हा उद्योग. आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवली. कागदाशी माझं कधी जमलं नाही.

आज खाल्लं: पालकाचं सूप, अर्धी वाटी. चव ओल्या गवतासारखी. सून समोर बसून होती म्हणून गिळलं. वर लिंबू पिळलं तिने. लिंबामुळे पालकातलं लोह अंगी लागतं म्हणे.

घरात आम्ही दोघंच. लेकाला जाऊन हा चौथा हिवाळा. सून मला टाकून गेली नाही. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते आणि संध्याकाळी येऊन माझं ताट.

८ नोव्हेंबर

सकाळी लघवीला गेलो आणि घाबरून तसाच बाहेर आलो. सगळं लाल. मनात म्हटलं, संपलं. आक्काला फोन लावला. माझी थोरली बहीण, दुसऱ्या गावी असते, आणि माझ्यावर हसायला तिला कारण लागत नाही. तिला शांतपणे सांगितलं की घराचे कागद कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. ती म्हणाली, "काल काय खाल्लंस?"

"बीट."

पलीकडून इतका वेळ हसणं ऐकू येत राहिलं की मी फोन ठेवून दिला. सुनेला सांगू नको म्हणून बजावलं होतं. संध्याकाळी सून घरात शिरली तीच ओठ दाबून.

आज खाल्लं: गाजर, कच्चं, एक. बीट नाही.

१५ नोव्हेंबर

बाजारातला पालक दुसऱ्या दिवशी मान टाकतो. गच्ची नुसती पडून आहे, आपणच का लावू नये? रविवार होता, सुनेला घेऊन रस्त्याच्या टोकाच्या रोपवाटिकेत गेलो. ती चालवणारा माणूस चाळिशीला टेकलेला, एकटाच राहतो तिथे मागच्या खोलीत, नखांत माती, बोलणं जेवढ्यास तेवढं. त्याने कोबी, फुलकोबी आणि नवलकोलाची रोपं काढून दिली. पालक, मुळा, गाजर मात्र बी पेरूनच लावा म्हणाला. गाजराचं रोप उपटून दुसरीकडे लावलं तर ते वाकडंतिकडं वाढतं.

सुनेने विचारलं, "गच्चीवर ऊन फक्त सकाळचं असतं. चालेल का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि उत्तर द्यायला बराच वेळ लावला. जरा मंद असावा.

"चालेल," म्हणाला. "तरी मी एकदा येऊन बघून जातो."

आज खाल्लं: मटार, उकडून, मीठ-मिरी घालून. हे बरे लागतात. डॉक्टरीणबाईंना सांगणार नाही.

१८ नोव्हेंबर

रोपवाला आला. फळांची जुनी लाकडी खोकी स्वतःच घेऊन आला, तळाला भोकं पाडली, माती भरली, पालकाचं बी पेरलं. सून दुकानातून आली तेव्हा काम संपलेलं होतं, तरी तो थांबला आणि तिला पाणी कसं घालायचं ते दाखवलं. मला मघाशीच दाखवलं होतं. पुन्हा दाखवलं. कामात चोख माणूस.

२९ नोव्हेंबर

पालक उगवला! हिरवी, बारीक, कानाच्या पाळीएवढी पानं. सकाळी चहा तसाच गच्चीवर घेऊन गेलो आणि उभा राहून बघत राहिलो. शिकाऊ मुलगी पहिल्यांदा चढावर गाडी बंद न पाडता पुढे काढते तेव्हा जसं वाटतं तसं काहीतरी.

रोपवाला या आठवड्यातही येऊन गेला. कोबीवर मावा पडतो, बारीक कीड असते, लक्ष ठेवावं लागतं म्हणतो. रोपं विकून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या घरी खेपा घालणारा दुकानदार आजच्या काळात शोधून सापडणार नाही. आक्काला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे वा! आणि सूनबाई काय म्हणते?" मी म्हटलं, "ती काय म्हणणार? तिचा काय संबंध?" आक्का "बरं बरं" म्हणाली. ती हल्ली नीट ऐकत नाही.

आज खाल्लं: कोबी वाफवून, गाजर, भात.

६ डिसेंबर

रोपवाला सुनेच्या दुकानात डोळे तपासायला गेला होता. सून सांगत होती, नजर अगदी उत्तम आहे. तरी पुन्हा यायचं म्हणाला, खात्री करायला. तब्येतीची एवढी काळजी मी त्याच्या वयात घेतली असती तर आज ही डायरी लिहावी लागली नसती.

१३ डिसेंबर

कडाक्याची थंडी. रोपवाला संध्याकाळी खोक्यांवर गोणपाट झाकायला आला, बोटं गारठून निळी पडली होती. मीच म्हटलं, सूप घेऊनच जा. जेवायच्या टेबलाशी आला आणि सहज खिडकीकडच्या खुर्चीत बसला.

ती लेकाची खुर्ची. तिथे कोणी बसू नये असं कधी कोणी म्हटलेलं नाही, पण कोणी बसतही नाही. सुनेचा पळीचा हात हवेतच थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मला काय करावं कळेना. बिचाऱ्याला काय ठाऊक? मी म्हटलं, "वाढ ना, गार होतंय."

तो गेल्यावर ती बराच वेळ ओटा पुसत होती. स्वच्छच होता.

आज खाल्लं: गाजर आणि लाल भोपळ्याचं सूप, दोन वाट्या. आल्याची चव छान लागली. दुसरी वाटी मी मागून घेतली, हे मुद्दाम लिहितो.

२० डिसेंबर

आमच्या गच्चीचा पहिला पालक! कात्रीने बाहेरची पानं कापायची, मधला कोंब राखायचा, म्हणजे पुन्हा फुटतो. लसणाबरोबर नुसता परतला. गवताची चव कुठे गेली कोण जाणे.

मी खाली शाल आणायला गेलो होतो. वर आलो तर सून आणि रोपवाला दोघं एकाच कोबीवर वाकून मावा शोधत होते. सून हसत होती. तशी हसताना मी तिला फार दिवसांत पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "सापडला का?" दोघंही दचकले. "काय?" "मावा!" "नाही," दोघं एकदम म्हणाले.

किडीत हसण्यासारखं काय असतं देव जाणे. पण घरात हसू असलं की बरं वाटतं. गच्चीचा हा फायदा मी धरलाच नव्हता.

४ जानेवारी

जिना न थांबता चढलो. मध्ये श्वास घ्यायला थांबायचं असतं हे वर गेल्यावर आठवलं.

मुळे उपटले. पाला चिरून परतला, मुळे लिंबू पिळून कच्चे. सून म्हणाली, "बाबा, तुमच्या गालांवर रंग आलाय." मी म्हटलं, "तुझ्याही." ती उठून आत गेली.

११ जानेवारी

आज माझी जीभ घसरली. फुलकोबीचा गड्डा धरेचना, नुसती पानंच पानं. रोपवाला आला तेव्हा मी त्याला म्हटलं, "तुमच्या रोपात दम नाही. नुसतं झुलवत ठेवता, गड्डा काही धरत नाही." गमतीत म्हटलं होतं. तो लाल झाला. "धीर धरायला हवा, काका," एवढंच म्हणाला. सून तिथेच होती, ती घाईघाईने खाली निघून गेली. तिला माझं बोलणं आवडलं नसावं.

नवलकोल मात्र उत्तम आला. पातळ काप करून कच्चाच खाल्ला, कोवळा आणि गोडसर.

२१ जानेवारी

रोपवाला फिरकलेला नाही. गेल्या रविवारी येतो म्हणाला होता. माझ्याच बोलण्याचा राग धरला असणार. सुनेला विचारलं तर, "त्यांना कामं असतील, बाबा." तिचं स्वतःचंच काही ठीक नाही. ताटात कोबी पुढे-मागे सरकवत बसते आणि मला म्हणते, संपवा. काल तिने सुपात मीठच घातलं नाही. मी तसंच प्यायलो.

फुलकोबीने गड्डा धरला. पांढराशुभ्र, मुठीएवढा. दाखवायला कोणी नाही.

२४ जानेवारी

रोपवाटिकेत जाऊन आलो. माफी मागायची, संपलं, असं ठरवून गेलो होतो. तो मिरचीच्या रोपांना पाणी घालत होता. मला बघून झारी खाली ठेवली.

मी म्हटलं, "फुलकोबीचं मी गमतीने म्हटलं होतं. आता गड्डा आलाय. राग सोडा आणि घरी या."

"राग नाही, काका."

"मग येत का नाही?"

त्याने हाताची माती झटकली. मग म्हणाला, "तुमच्यापासून लपवायचं मलाही बरं वाटत नाही. मी त्यांना विचारलं होतं, लग्नाचं. त्या नाही म्हणाल्या. आता मी तिथे येत राहिलो तर त्यांना त्रास होईल."

मला आधी कळेना की "त्या" म्हणजे कोण. खरंच कळेना. मग कळलं, आणि मी तसाच घरी निघून आलो. वाटेत कुठे वळलो, काय पाहिलं, आठवत नाही.

आज खाल्लं: काही नाही.

२५ जानेवारी

काल लिहिता आलं नाही ते आज लिहितो. मला राग आला. माझ्या गच्चीवर, माझ्या सुपाची वाटी हातात धरून, माझ्या लेकाच्या खुर्चीत! मी त्याला माणूस समजून घरात घेतलं. मग वाटलं, ती नाही म्हणालीच आहे, झालं तर. आणि मला हायसं वाटलं. कुठल्या तरी संकटातून सुटल्यासारखं.

नंतर त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. पोरगी चार घास गिळेनाशी झाली आहे आणि मला हायसं वाटतंय. मी घाबरलोय तो लेकासाठी नाही. ती गेली तर संध्याकाळी दारात चावी फिरल्याचा आवाज येणार नाही, त्याला मी घाबरलोय.

आक्काला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुला आत्ता कळलं? मला नोव्हेंबरातच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतका खुशीत होतास रे. दुकानदार चांगला मिळाला म्हणून." मग तिचा आवाज हलका झाला. "तिला विचारलंस का, नाही का म्हणाली?"

२६ जानेवारी

विचारलं. ती गाजरं किसत होती. तिचा हात थांबला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्यानेच. मी माफी मागायला गेलो होतो. फुलकोबीची."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्यासमोर स्टूल ओढून बसलो. अशा वेळी काय करायचं असतं मला येत नाही, म्हणून मी एक गाजर घेऊन सोलायला लागलो.

"तो आवडत नाही का तुला?"

ती पुन्हा किसायला लागली.

"मग?"

"तुम्हाला कोण बघेल, बाबा? मला यायला उशीर झाला तर तुम्ही बिस्किटं खाऊन झोपता."

"म्हणजे माझ्या बिस्किटांपायी तू..."

"तेवढंच नाही." तिने ओट्यावरच्या फडक्यालाच डोळे पुसले. "या घरात मी तुमच्या मुलाबद्दल बोलू शकते. 'असं झालं असतं तर ते काय म्हणाले असते' असं तुम्हाला म्हणता येतं मला. तिथे कोणाला म्हणू?"

मी सोलणं थांबवलं.

"मलाच म्हणायचं," मी म्हटलं. "मी काय परदेशी चाललोय? रोपवाटिका रस्त्याच्या टोकाला आहे. आणि हे बघ पोरी, शिकवणीच्या गाडीत माझ्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. शिकणाऱ्याला वाटायचं, गाडीच बिघडली, पुढे जात नाही. आणि पाय माझा असायचा. तसं मला करायचं नाही."

तिने माझ्या हातातलं गाजर घेतलं. "सोलता सोलता निम्मं टाकून दिलंत," म्हणाली.

२७ जानेवारी

जाहीर केलं: आजपासून संध्याकाळचं जेवण मी करणार. सूनबाईंनी ओट्यापाशी यायचं नाही.

पालकाचं सूप केलं. चव बघितली नाही, कारण मला खात्री होती. मिरी जरा जास्त पडली असावी, दोघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. तिने पूर्ण वाटी संपवली. पुन्हा घेतलं.

३ फेब्रुवारी

कोबी करपला. उरलेला वाफवला.

४ फेब्रुवारी

फुलकोबीची फुलं सोडवली, कोवळी पानं आणि दांडेही बारीक चिरून घातले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पानं टाकू नका, निम्मी ताकद त्यांत आहे. लसूण लाल झाला तेवढ्यात गॅस बंद केला. या गोष्टीत वेळ साधावी लागते, गिअरसारखी. चांगलं झालं. सून खुर्चीत मागे रेलून म्हणाली, "हे त्यांना खूप आवडलं असतं." लेकाबद्दल म्हणत होती. मी म्हटलं, "फुलकोबी? त्याला? तो मला घाबरून खायचा." मग आम्ही दोघं त्याच्या खाण्याच्या तऱ्हा आठवत बसलो. मटार निवडून ताटाच्या कडेला रांगेत लावायचा.

८ फेब्रुवारी

रोपवाल्याला जेवायला बोलावलं. मी स्वतः जाऊन. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, "तुमची फुलकोबी आहे, बघायला तरी या."

नखं घासून घासून आला होता, शर्ट इस्त्रीचा. टेबलाशी तीन ताटं होती. तो खिडकीकडे बसला नाही. स्वयंपाकघरात जाऊन स्टूल घेऊन आला आणि माझ्या बाजूला ठेवलं. म्हणजे तिने त्याला सांगितलं होतं, किंवा त्याचं त्यालाच कळलं होतं. मला बरं वाटलं. मग उगाच वाईट वाटलं. मग भात वाढला.

भाजलेलं रताळं, बीट आणि गाजराची कोशिंबीर, मटार, आणि आमची फुलकोबी. शेवटी मीच म्हटलं, "मी या वयात मध्यस्थ होणार नाही. मी गच्चीवर जातो. मावा बघायला. तुम्ही दोघं काय ते बोला."

वर चांदणं आणि थंडी. पालक पुन्हा फुटला होता. गारठून बोटं बधिर झाली तरी खाली कोणी हाक मारेना. शेवटी सून शाल घेऊन वर आली. माझ्या खांद्यांवर घातली आणि तशीच माझ्या दंडाला धरून उभी राहिली.

"हो म्हणाले मी," ती म्हणाली. "तुम्हाला चालेल ना?"

मी म्हटलं, "पालकाला पाणी कोण घालणार, ते आधी ठरवा."

२० फेब्रुवारी

रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "काय केलंत?" मी म्हटलं, "भाज्या खाल्ल्या." "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच कसं असेल?" पण त्यांना पुढचा रुग्ण होता.

१५ मार्च

सकाळी नोंदणी कार्यालयात गेलो. आक्का आली होती, वाटेभर माझी टिंगल करत. भिंतीला पंखा, बाकावर आमच्यासारखीच दोन कुटुंबं. आतल्या कारकुनाने नाकावरच्या चष्म्यातून कागद बघितले. मुलीच्या बाजूने साक्षीदार म्हणून मी सही करायची होती. त्याने विचारलं, "आपण मुलीचे कोण?"

सासरा म्हणावं तर आज ते नातं कुठे राहिलं, आणि दुसरं काय म्हणावं, याचा मी विचारच केला नव्हता. कारकून वाट बघत होता.

सून कागदावरून मान वर न करता म्हणाली, "वडील."

कारकुनाने मान डोलावली, तसं लिहिलं. मी सही केली. अक्षर वाकडं आलं. आक्का बाजूला नाक पुसत होती, सर्दी झाली म्हणाली.

दोघांना रोपवाटिकेपर्यंत पोचवलं, आक्काला गाडीत बसवलं, आणि घरी आलो. घर शांत होतं. मला वाटलं होतं, त्यापेक्षा जास्त शांत. थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

मग भूक लागली. सांगितलं म्हणून, वेळ झाली म्हणून लागते तशी नाही, आतून. मटार सोलले, लसूण ठेचला. लाल झाल्यावर गॅस बंद केला. ताट वाढून घेतलं आणि टेबलाशी बसून, सावकाश, सगळं जेवलो.